पाठ टेकायची कुस्ती

आण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २०१२ च्या फेब्रुवारीत पुण्यात झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला ताण देऊ नका. आण्णांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला. ताण डाव्याला द्यायचा नाही, उजवा रिकामाच आहे की. मग काळा चष्मा चढवून, मान जराशी डावीकडे वळवून ते आमच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसायचे.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. गाव वाळवा तालुक्यात. विशीतली चार वर्षं कोल्हापूरच्या तालमीत काढलेली, नंतर ऊस आणि म्हशी. दोन्ही कान मोडलेले, वाळक्या जर्दाळूसारखे. हलगी कानावर पडली की हात आपोआप मांडीकडे जायचा, मग ते लग्नाच्या वरातीत का उभे असेनात.

त्या शनिवारी रात्री चॅनेल फिरवताना कलर्स लागलं. रिंग, धूर, झगझगीत दिवे, हिंदीतून ओरडणारे समालोचक, आणि मुखवटा घातलेला एक धिप्पाड गोरा आपल्याकडच्या एका पोराला उचलून आपटत होता. मी पुढचं बटण दाबणार, तोच आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पाचेक मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "ही खोटी हाय नव्हं?"

"हो आण्णा. सगळं आधी ठरलेलं असतं."

"त्ये दिसतंयच. पर पडतंय किती ब्येस बघ की."

तो कार्यक्रम होता 'रिंग का किंग'. आज कुणाला विचारलं तर दहातले नऊ जण कपाळाला आठ्या घालतात. दहावा "अरे हो, तो हरभजनवाला" म्हणतो. २८ जानेवारी २०१२ ला सुरू झाला, २२ एप्रिलला संपला. दर शनिवार-रविवार, तेरा आठवडे, सव्वीस भाग. पुन्हा कधी आला नाही. अमेरिकेतल्या टीएनए या कुस्ती कंपनीनं भारतासाठी तो उभा केला होता, निर्मिती एंडेमॉलची, चेहरा म्हणून हरभजन सिंग. हरभजनला कुस्तीच्या कार्यक्रमाला का घेतलं असेल, याचं उत्तर आमच्या ऑफिसात सगळे एकच देत. २००८ च्या आयपीएलमध्ये श्रीशांतला दिलेली थप्पड. तेवढी एक निकाली कुस्ती त्याच्या नावावर होतीच.

आणि हे सगळं घडलं होतं कुठं? बालेवाडीत. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये, डिसेंबर २०११ मध्ये. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल बांधलं, २००८ मध्ये तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. त्या डिसेंबरात रोज सकाळी कंपनीच्या बसमधून मी त्याच्या समोरून हिंजवडीला जात होतो, आणि रात्री डुलक्या काढत परत येत होतो. आत स्कॉट स्टायनर होता. जेफ जॅरेट होता. मला पत्ता नाही. लहानपणी ज्या माणसांसाठी मी शाळेतून धावत घरी आलो असतो, ती माणसं हायवेच्या पलीकडे एकमेकांना आपटत होती आणि मी ट्रॅफिकला शिव्या देत होतो. ही रुखरुख अजून गेलेली नाही, हा लेख बहुधा त्यापायीच लिहितोय.

माझ्या पिढीला ही कुस्ती टीव्हीच्याही आधी पत्त्यांतून भेटली. नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली, प्राइम स्पोर्ट्स आलं, पण गल्लीत केबल दोनच घरी. पत्ते मात्र सगळ्यांकडे. डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे अमेरिकेतल्या या कुस्तीच्या बड्या कंपनीचे पत्ते. वर फोटो, खाली रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स. आपला पत्ता बघायचा, ज्या आकड्यात आपला पैलवान दांडगा तो आकडा पुकारायचा, समोरच्याचा कमी निघाला की पत्ता आपला. जायंट गोन्झालेझ हातात आला की डोळे झाकून "हाइट!", योकोझुना आला की "वेट!". इंची आणि पौंडातले आकडे इंग्रजीत पाठ, पण बेरजेत कायम बोंब. ब्रिटिश बुलडॉगचा एक पत्ता माझ्याकडे होता, कोपरा दुमडलेला. त्यामुळं तो उलटा धरला तरी समोरच्याला ओळखू यायचा. पोरं त्याला "दुमड्या" म्हणायची.

पुढं २००२ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी आद्याक्षरांवरून चाललेला वाद हरल्यामुळं डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, आणि भारतात टेन स्पोर्ट्स सुरू झालं. पुढची पंधरा-वीस वर्षं या देशातल्या पोरांचे हातपाय मोडायचं काम त्या दोघांनी मिळून केलं. त्याच २००२ मध्ये अमेरिकेत जेफ जॅरेट आणि त्याचे वडील जेरी यांनी टीएनए काढली. मोठ्या दुकानासमोर टपरी टाकावी तसं. सुरुवातीला टीव्हीवर जागा मिळेना म्हणून दर आठवड्याला पैसे भरून बघायचा कार्यक्रम, मग २००४ मध्ये 'इम्पॅक्ट', आणि वेगळेपणा दिसावा म्हणून चक्क सहा कोनांची रिंग. जॅरेट स्वतः कोण, तर गिटार घेऊन येणारा आणि ती समोरच्याच्या डोक्यात घालणारा माणूस. वाजवायचा कमी, फोडायचा जास्त.

त्या टपरीला हिंदुस्थानात शाखा काढावीशी वाटली, यात नवल नव्हतं. २००६ मध्ये आपला खली डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, २००७ मध्ये त्याच्या खांद्यावर विजेतेपदाचा पट्टा आला. मग तोच खली कलर्सवरच्या 'बिग बॉस'च्या चौथ्या पर्वात लोणावळ्याजवळच्या घरात येऊन बसला आणि उपविजेता ठरला. तो कार्यक्रमही एंडेमॉलचाच. सात फुटांचा पैलवान खुर्चीत नुसता बसला तरी लोक बघतात, हे एकदा कळल्यावर त्याला उभा करून आपटायला लावणं ही पुढची पायरी झाली.

आता 'रिंग का किंग'मधली मंडळी. विजेतेपदाचा पहिला पट्टा मिळाला मॅट मॉर्गनला, हा सात फुटी अमेरिकन. निक ऑल्डिस नावाचा देखणा इंग्रज इथं सर ब्रूटस मॅग्नस झाला. सोंजय दत्त होता, तो अमेरिकेत वाढलेला भारतीय वंशाचा मल्ल. त्याचं रिंगमधलं नाव कुणावरून घेतलंय हे सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या पोरांत महाबली वीरा होता, पंजाबी गडी, दोन्ही हातांच्या वेढ्यात मावणार नाही असा दंडाचा घेर. डेडली डंडा नावाचाही एकजण होता. ही नावं ठेवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

खलनायकांची एक टोळी होती, जॅरेट, स्टायनर, तो मुखवटेवाला अ‍ॅबिस वगैरे. टोळीचं नाव आरडीएक्स. अमेरिकेत बसून कुणाला ही तीन अक्षरं झणझणीत वाटली असतील. १९९३ च्या मार्चनंतर मुंबईत वाढलेल्या माझ्या बायकोला नाही वाटली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय नाव ठेवलंय?" आणि पोळी तव्यावर जरा जास्तच जोरात टाकली.

पण मला खरा धक्का दिला तो एका उंच, सोनेरी केसांच्या पोरानं. नाव बुलडॉग हार्ट. मी तोंडाकडे बघत राहिलो. तो हॅरी स्मिथ, ब्रिटिश बुलडॉगचा मुलगा. माझ्या दुमड्याचा पोरगा! बाप डेव्ही बॉय स्मिथ २००२ मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हाच गेला. आई कॅनडातल्या हार्ट घराण्यातली, म्हणजे ब्रेट हार्ट त्याचा सख्खा मामा. पोरानं बापाचं टोपणनाव आणि आजोळचं आडनाव जोडून स्वतःचं नाव केलं होतं. मी हे आण्णांना समजावून सांगितलं. त्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफ ठाऊक नव्हतं, कॅनडा ठाऊक नव्हता, पण भाचा म्हटल्यावर सगळं कळलं.

"मामा बी पैलवान?"

"हो. आजोबा पण. मामेभाऊ, मावसभाऊ, सगळे."

"मंग घरात तालीमच म्हण की," आण्णा म्हणाले, आणि त्या दिवसापासून बुलडॉग हार्ट हा त्यांचा माणूस झाला. त्याची जोडी चाव्हो गरेरोबरोबर होती. तोही तसाच, मेक्सिकन पैलवानांच्या घराण्यातला, एडी गरेरोचा पुतण्या. आण्णा त्यांना "भाचा-पुतण्या" म्हणायचे. "आज भाचा-पुतण्याची हाय का?" असं शनिवारी सकाळीच विचारायचे.

पडण्याबद्दल आण्णा काय म्हणायचे ते नीट सांगतो, कारण ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

तालमीत पोर गेलं की पहिले काही महिने जोर, बैठका आणि हौदा उकरणं. तांबडी माती, त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर. ती खोऱ्यानं खालवर करून पोराच्या पाठीचा काटा ढिला होतो. मग वस्ताद मान धरायला शिकवतो. डोकं आणि टाचा टेकून अंगाची कमान करायची, वर दुसऱ्या पोरानं बसायचं, तरी पाठ मातीला लागता कामा नये. पुढचं सगळं शिक्षण एवढ्याचसाठी. ढाक असो, कलाजंग असो, धोबीपछाड असो, दुसऱ्याची पाठ लावायची आणि आपली राखायची. पाठ लागली की संपलं. फेटा उडत नाही, इनाम नाही, आणि गावात शिरताना मागच्या वाटेनं. "आमची सगळी इद्या म्हंजी पाठ न टेकायची," आण्णा म्हणायचे. "आन् ह्यांची बघ. ह्यांला पाठ टेकायचाच पगार."

मग ते टीव्हीजवळ खुर्ची ओढून बोट लावून दाखवायचे. बघ, उचलला तेव्हाच हनुवटी छातीला लावली. डोकं आपटायला नको. आता बघ, हात दोन्ही बाजूला पसरले, तळवे खाली. पाठ टेकायच्या बेताला तळवे फाडकन आपटले. मार सगळ्या अंगभर वाटून गेला. एका जागी बसला तर हाड जाईल. "आन् वरचा बघ, त्यानं सोडला न्हाई ह्येला. शेवटपतूर धरून आणलाय खाली. दुष्मन न्हाई त्यो, दाई हाय."

ही 'दाई' मला फार आवडली. या धंद्याबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं. अमेरिकेत त्याला एक वेगळी बोली आहे, चांगल्याला काय म्हणतात, वाइटाला काय म्हणतात, मार लागल्याचं सोंग वठवण्याला काय म्हणतात. पण ज्याच्या हातात आपण मान देतो त्या माणसासाठी इतका नेमका शब्द तिथंही सापडला नाही.

रिंगखाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर जेमतेम फोम, वर ताणलेलं कॅनव्हास. गादी वाटते, पण गादी नाही ती. आमच्या ऑफिसातला एकजण बालेवाडीला प्रेक्षकांत बसला होता, हेही मला मार्चमध्ये टीव्हीवर तो तिसऱ्या रांगेत तोंड वासून उभा दिसल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याला धरलं. म्हणाला, "टीव्हीवर काहीच कळत नाही रे. तिथं फळ्यांचा आवाज पोटात लागतो." चहा संपेपर्यंत मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

खोट्या कुस्तीला आपल्याकडे शब्द आहे, नुरा कुस्ती. दोन पक्ष विधिमंडळात भांडून संध्याकाळी एकत्र जेवले की दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात तो हमखास येतो. शब्द इतका रुळला, कारण वस्तू जुनीच आहे. पन्नास-साठच्या दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या कुस्त्यांना मुंबई लोटायची. किंगकाँग म्हणजे एमिल झाया, हंगेरीकडचा अगडबंब गडी. लोकांना ठरलेलं असतं हे कळत नव्हतं असं कुणी म्हणेल तर मला पटत नाही. कळत होतं आणि तरीही जात होते. १९६८ मध्ये मुंबईतच दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, जगज्जेता झाला. "तू काय स्वतःला दारासिंग समजतोस?" हे वाक्य त्यानंतर दोन पिढ्यांनी आपापल्या पोरांना ऐकवलं. हेलसिंकीला १९५२ मध्ये खऱ्या कुस्तीत खरं ब्राँझ आणणाऱ्या खाशाबा जाधवांचं नाव घेऊन कुणी कुणाला दटावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. गोळेश्वरच्या त्या माणसाची आपण केलेली उपेक्षा हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर लिहायला बसलो तर बीपीची गोळी घ्यावी लागेल.

दारासिंगचं नाव निघालं आणि आण्णा गप्प झाले. रविवार होता, मार्चचा पहिला किंवा दुसरा. जाहिराती चालू होत्या. मग म्हणाले, "अडुसष्ट साल. त्येच साल माजं."

आण्णांचा खांदा हा आमच्या घरातला मानाचा विषय. डाव्या हासळीचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं, सदऱ्यातूनही उंचवटा दिसतो. मोठ्या पैलवानाशी झुंजताना मोडलं, कुस्ती सुटली, नाहीतर आण्णा केसरीपर्यंत गेले असते, ही गोष्ट आम्ही सगळी भावंडं झोपताना ऐकत वाढलो. माझ्या आजीनं ती सांगायला सुरुवात केली, आणि प्रत्येकानं त्यात चार मिनिटांची झुंज वाढवली. मी शाळेत सांगायचो तेव्हा ती कुस्ती पाऊण तासावर गेली होती.

त्या रात्री आण्णांनी सांगितलं ते असं. एका जत्रेचं मैदान. गाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाहेरून एक नावाजलेला मल्ल आणलेला. लोक त्याला बघायला येणार, तर त्यानं दहा मिनिटांत कुस्ती मारायला पाहिजे, नाहीतर फडाची शोभा जाते. आदल्या रात्री दोघंजण आण्णांकडे आले. दीडशे रुपये, निम्मे आधी, निम्मे मागाहून. तो ढाक लावेल, तू बसू दे, पाठ दे. आण्णांच्या घरी तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं.

"घेतले मी," आण्णा म्हणाले.

"मग?"

"मंग काय. त्यानं ढाक लावली. मी बसू दिली. वर गेलो. आन् वर गेल्याव अंगानं ऐकलंच न्हाई." ते स्वतःच्या खांद्याकडे बघत होते. "चार वर्सं पाठ द्यायची न्हाई म्हणून घासल्यालं अंग ते. हवेत आपसूक फिरलं. पाठीवर पडायचं, त्ये खांद्यावर पडलो."

हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेनं ऐकला म्हणे. कुस्ती निकाली झाली नाही, कारण पाठ लागलीच नव्हती. निम्मे पैसे बुडाले. लोकांनी मात्र वर्गणी काढून फेटा बांधला, पोरगं जिवावर उदार होऊन झुंजलं म्हणून.

मला काय बोलावं सुचेना. टीव्हीवर भाचा-पुतण्याची जोडी आली होती. बुलडॉग हार्टला कुणीतरी दोरांवरून आत फेकलं, तो हवेत सरळ आडवा झाला, हनुवटी छातीला, तळवे फाडकन, आणि पाठ सपाट. आण्णा पुढं वाकून बघत राहिले. "शिकवाया पायजे," एवढंच म्हणाले. "आमाला कुणी पडायचं शिकवलंच न्हाई."

मार्चअखेर आण्णा गावी गेले.

कार्यक्रम का टिकला नाही याची माझी एक उपपत्ती आहे, आण्णांना विचारून बनवलेली नाही. ही कुस्ती म्हणजे दर आठवड्याची सवय. कीर्तनासारखी. अमेरिकेत लोक रतीब घातल्यासारखे वर्षानुवर्षं, न चुकता बघतात, आणि कार्यक्रम थेट चालू असताना ज्याच्यासाठी प्रेक्षक ओरडतात त्याची गोष्ट पुढं वाढते, ज्याला बघून लोक मोबाइल काढतात त्याची आटोपते. लेखक आणि प्रेक्षक यांची ही खरी कुस्ती, ठरवून न केलेली. 'रिंग का किंग' अख्खा डिसेंबरातच चित्रित होऊन डब्यात गेला होता. फेब्रुवारीत वाळव्याच्या एका म्हाताऱ्याला भाचा आवडला, कुणाला वीरा आवडला, कुणाला आरडीएक्सचा उबग आला, तरी आता काही बदलणार नव्हतं. निकाल ठरलेला असला तरी चालतं. पण सगळे निकाल आधीच डब्यात असले, तर ओरडायचं कुणासाठी? त्यात सोमवार ते शुक्रवार 'बालिका वधू' बघणाऱ्या घरात शनिवारी अचानक मुखवटेवाला अ‍ॅबिस. आमच्याच घरात दोन तट पडले होते, इतरांचं काय सांगू.

आणि एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झालं. १ एप्रिलला गहुंज्याच्या स्टेडियमचं उद्घाटन, पुण्याचा स्वतःचा संघ, बालेवाडीवरून एक्सप्रेस-वेला लागलं की स्टेडियम दिसतंच. सगळं शहर तिकडं पळत होतं. मीही पळालो. आण्णा नसल्यावर मी शनिवार-रविवारची कुस्ती एकदाही बघितली नाही, हे कबूल केलेलं बरं. पुढं तो पुण्याचा संघही दोन वर्षांत गुंडाळला गेला. त्याच वर्षी १२ जुलैला मुंबईत दारासिंग गेले. पेपरांनी हनुमानाच्या वेशातला फोटो छापला.

त्या मंडळींचं पुढं काय झालं ते मी अधूनमधून शोधत असतो. मॅट मॉर्गन फ्लोरिडातल्या लाँगवूड नावाच्या गावचा नगराध्यक्ष झाला. पैलवान पुढं नगराध्यक्ष होतो, हे आमच्या सांगली-सातारकडच्या माणसाला अजिबात खटकत नाही. सर ब्रूटस मॅग्नस आता डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'स्मॅकडाउन'वर कोट घालून जनरल मॅनेजर म्हणून हुकूम सोडतो. महाबली वीराचा महाबली शेरा झाला आणि टीएनएत अमेरिकेला गेला. जॅरेट आणि स्टायनर दोघंही डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. टीएनएचं 'इम्पॅक्ट' २०१७ च्या मे महिन्यात पुन्हा एकदा मुंबईत येऊन चित्रीकरण करून गेलं. आणि ज्या डब्ल्यूडब्ल्यूईसाठी आम्ही केबलवाल्याच्या विनवण्या केल्या, ते २०२५ च्या एप्रिलपासून नेटफ्लिक्सवर गेलं. माझा मुलगा ते फोनवर बघतो, दीडपट वेगानं. दीडपट वेगानं पडणारा माणूस मला बघवत नाही.

बालेवाडीत मात्र कुस्ती थांबली नाही. २०१८ मध्ये झी टॉकीजनं कुस्ती दंगल भरवली, खऱ्या पैलवानांची. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत तिथं झाली. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीतले. सदगीर जिंकला, आणि त्यानं हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून मैदानभर मिरवलं. यावेळी मी गेलो होतो. संकुलाच्या दारात उभा राहून आण्णांना फोन लावला, तर म्हणाले, "बगितलं टीव्हीवर. दाई झाला की त्येचा."

पण मला सांगायचाय तो फोन आठ वर्षं आधीचा, २०१२ च्या एप्रिलचा. रविवार, २२ तारीख, रात्री दहाच्या पुढं. गावाकडं भारनियमन होतं. आण्णांनी शनिवारपासून वाट बघितली होती, आणि नेमकं शेवटच्या भागाला लाइट गेली.

"झाली का शेवटची?"

"झाली की."

"तू बगितलीस नव्हं?"

मी सोफ्यावर होतो, समोर क्रिकेट चालू, आवाज बंद केलेला. म्हटलं, "हो. बघितली."

"कोण जितलं?"

मी एक नाव ठोकून दिलं. आण्णा "आस्सं" म्हणाले. भाचा-पुतण्याचंही विचारलं, मी तेही ठोकून दिलं. तिकडं कुत्रं भुंकत होतं, चुलती कंदिलाची काच पुसत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, झालं, आता ठेवतील.

"आन् हरला त्यो," आण्णांनी विचारलं, "त्यो पडला कसा?"